कृष्णद्रव्य नको असेल, तर दीर्घिका फिरतात कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी चोपड्याकडे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. इतकी वर्षं शोधून डार्क मॅटरचा, म्हणजे न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा, एक कणही सापडला नाही. उलट मॉन्ड नावाचं एक साधं सूत्र दीर्घिकांचे वेग बरोबर सांगतं म्हणे. एका व्हिडिओत ऐकलं की हे सगळं चुंबकीय क्षेत्रामुळे होतं. दुसऱ्यात म्हणतात, आइन्स्टाईनचं गणित नीट केलं की प्रश्नच उरत नाही. मुलं विचारतात, सर, खरं काय? काय सांगू?"

सर, मी पंचवीसेक वर्षं दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचे वेग मोजण्यात घालवली. त्यातल्या बऱ्याच रात्री नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या भरवशावर गेल्या. मूळ गाव अमळनेरकडचं. त्यामुळे हाच प्रश्न मला घरच्या ओट्यावरही विचारला गेलाय, आणि तोही अहिराणीत: "दिखत नही, तं मंग शे कसं म्हनतस?" तुमच्या मुलांचा प्रश्न तोच आहे, आणि रास्त आहे.

फक्त "कृष्णद्रव्य की मॉन्ड" अशी निवडणूक लावली की वाद होतो, भौतिकशास्त्र होत नाही. खरा प्रश्न दोन पायऱ्यांचा आहे. जे दिसतं, म्हणजे तारे आणि वायू, त्यावरून दीर्घिकेतला वेग आधीच सांगता येतो का? आणि येत असेल, तर तोच नियम दीर्घिकेच्या बाहेरही चालतो का? पहिल्या पायरीवर पर्यायी सिद्धांत तुम्हाला वाटतं त्याहून भक्कम आहेत. दुसरीवर ते अडखळतात.

आधी मूळ अडचण वर्गात कशी मांडावी ते सांगतो. दादर ज्वारीचं खळं आठवा. मध्ये तिवड्याचा खांब, त्याला बांधलेली बैलांची पात. तिवड्याजवळचा बैल रमतगमत चालतो आणि कडेच्या बैलाला पळावं लागतं, कारण दोघांना एकाच वेळात फेरा पुरा करायचा असतो. अंतर दुप्पट तर वेग दुप्पट. (आता मळणीयंत्र आल्यामुळे मुलांना पात दाखवायला आजोबांनाच बोलवावं लागेल, ते सोडा.) सूर्यमालेत बरोबर उलटं चालतं. बुध सेकंदाला ४७ किलोमीटरने पळतो, पृथ्वी ३०ने, नेपच्यून फक्त ५.४ने. सगळं वस्तुमान मध्यभागी असल्यामुळे अंतर चौपट झालं की वेग निम्मा होतो. दीर्घिकेतही बहुतेक प्रकाश मधल्या भागात असतो, म्हणून कडेला वेग असाच उतरायला हवा. तो उतरत नाही, वाढतही नाही. ना खळं, ना सूर्यमाला. वेग एका पातळीवर येतो आणि तिथेच राहतो. म्हणजे दिसणाऱ्या पदार्थाची ओढ कमी पडते. ही तूट भरायला जो न दिसणारा पदार्थ धरतात, तेच कृष्णद्रव्य.

१९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे वेग मोजले. हीच ती दीर्घिका, जी तोरणमाळला नोव्हेंबरच्या अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते. त्यानंतर रेडिओवाले आले आणि शंकेला जागा उरली नाही. हायड्रोजनकडून येणारी २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ रेषा ताऱ्यांची तबकडी संपते त्याच्याही खूप पुढे दिसते. आल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ मध्ये बऱ्याच दीर्घिकांसाठी हे दाखवलं. प्रकाश संपला तरी वेग तेवढाच. त्याआधी १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा या दीर्घिकासमूहात हाच हिशेबातला खड्डा पाहिला होता. हे वर्ष लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता व्हिडिओंमधले दोन दावे. ते लवकर निकाली निघतात.

चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित वायूला ढकलू शकतं, ताऱ्याला नाही. सूर्यासारख्या गोळ्यावर दीर्घिकेच्या क्षीण चुंबकीय क्षेत्राचा परिणाम शून्यच धरा. वायू चुंबकामुळे जोरात पळत असता, तर त्याच जागेचे तारे मागे राहिलेले दिसले असते. तसं दिसत नाही, दोघं जवळपास एकाच वेगाने फिरतात. आइन्स्टाईनचं म्हणाल, तर सूर्य आकाशगंगेभोवती सेकंदाला साधारण २२० ते २३० किलोमीटरने फिरतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा तेरा-चौदाशेवा भाग. सापेक्षतेची दुरुस्ती येते ती या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे दहा लाखांत अर्ध्या भागाची. आपली तूट आहे कित्येक पटींची. रुपयाची तूट पैशाच्या हजाराव्या भागाने भरत नाही. अधूनमधून कोणीतरी शोधनिबंध लिहून ती भरून दाखवतो, आणि मग कुणाला तरी त्या गणितातली गडबड सापडते.

तिसरी सोपी वाट म्हणजे विझलेले तारे, कृष्णविवरं, भटके ग्रह, म्हणजे साधाच पदार्थ, फक्त न चमकणारा. ही कल्पना प्रामाणिक होती आणि तिची प्रामाणिक परीक्षाही झाली. मॅगेलनचे मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकांमधल्या लाखो ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. असा गोळा आडवा आला की त्याच्या गुरुत्वाने प्रकाश एकवटून मागचा तारा काही काळ उजळतो. तसे प्रसंग दिसले, पण हिशेब भरण्याइतके नाहीत.

उरतो तो मोठा पर्याय: गुरुत्वाकर्षणाचा किंवा गतीचा नियमच वेगळा असणं. मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये हे मांडलं, तेच मॉन्ड. म्हणणं एका वाक्याचं आहे: त्वरण एका मर्यादेच्या खाली गेलं की न्यूटन सांगतो त्यापेक्षा ओढ जास्त असते. पुष्कळांना वाटतं की मॉन्डमध्ये नियम ठरावीक अंतरानंतर बदलतो. तसं नाही, ठरावीक त्वरणाखाली बदलतो. हा फरक मुलांकडून घोटून घ्या, कारण सगळी खुबी तिथेच आहे.

ही मर्यादा किती लहान? सेकंद-वर्गाला एका मीटरचा साधारण ८३० कोटीवा भाग. या त्वरणाने एखादी वस्तू जळगावहून अमळनेरच्या दिशेने निघाली, तर पहिल्या दिवसात हातभर सरकेल, आणि वर्ष संपताना ६० किलोमीटरवर, म्हणजे अमळनेरच्या आसपास पोचेल. तेव्हाही तिचा वेग सेकंदाला चार मिलिमीटरच्या पुढे गेलेला नसेल. पृथ्वीचं सूर्याकडचं त्वरण याच्या सुमारे पाच कोटी पट आहे, नेपच्यूनचंही पन्नास हजार पटींच्या वर. म्हणून सूर्यमालेत न्यूटन सहज चालून जातो. सूर्याचं आकाशगंगेभोवतीचं त्वरण मात्र या मर्यादेच्या दुप्पटही भरत नाही. आपण स्वतः उंबरठ्यावरच बसलोय.

या नियमातून एक सुंदर गोष्ट निघते. दीर्घिकेच्या बाहेरच्या भागात वेगाचा चौथा घात फक्त दिसणाऱ्या वस्तुमानावर ठरतो. दहा हजार कोटी सूर्यांइतकं वस्तुमान असेल, तर वेग सेकंदाला २०० किलोमीटर. त्याच्या सोळाव्या हिश्शाइतकं असेल, तर बरोबर १००. मध्ये दुसरा कुठलाही आकडा नाही. निरीक्षणात हाच संबंध दिसतो, आणि तोही लोकांना हैराण करावं इतका नेटका. २०१६ मध्ये मॅकगॉ, लेली आणि शोम्बर्ट यांनी १५३ दीर्घिकांमधले २,६९३ बिंदू एका आलेखावर टाकले. एका अक्षावर दिसणाऱ्या पदार्थावरून काढलेलं त्वरण, दुसऱ्यावर प्रत्यक्षात मोजलेलं. दीर्घिका लठ्ठ-बारीक, चकचकीत-मळकट, वायूने भरलेल्या आणि कोरड्या अशा सगळ्या प्रकारच्या, पण बिंदू एकाच रेघेभोवती गोळा झाले.

ही रेघ मॉन्डची आहे की निसर्गाची, यावर वाद घाला. पण ती आहे, हे आता कुणी नाकारत नाही. कृष्णद्रव्यवाल्यांनाही तिचं कारण द्यावंच लागतं. ते म्हणतात, दीर्घिका घडताना वायू, तारे आणि कृष्णद्रव्य एकमेकांशी जुळवून घेतात. असेल. पण प्रत्येक दीर्घिकेचा घडण्याचा इतिहास वेगळा असताना सगळ्यांचा हिशेब एकाच रेघेवर का यावा, याचं मनासारखं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

इथे पाणाड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात पाणी इतकं खोल गेलंय की बोअर मारायचा म्हणजे घरच्यांची झोप जाते. बोअर मारल्यावर "मी म्हणत होतोच, इथे लागणार" असं सांगणारे दहा भेटतात. आधी खुंटी ठोकून "इतक्या फुटांवर" म्हणणारा एखादाच. सिद्धांतांचंही तसंच. फिकट, विरळ दीर्घिकांमध्ये तूट अगदी केंद्रापासूनच मोठी दिसेल, हे मिलग्रोमने १९८३ मध्ये सांगून ठेवलं. तेव्हा तशा दीर्घिकांची नीट मोजमापंच नव्हती. नव्वदच्या दशकात ती आली आणि तसंच निघालं. क्रेटर-२ ही आकाशगंगेची एक विरळ सोबतीण २०१६ मध्ये सापडली. तिच्या ताऱ्यांच्या वेगातला पसारा सेकंदाला सुमारे २.१ किलोमीटर असेल, असं मॅकगॉ यांनी मोजणीआधीच छापलं. दुसऱ्या वर्षी मोजला गेला तो २.७, त्रुटीच्या मर्यादेत बसणारा. कृष्णद्रव्याच्या साध्या हिशेबाने तो याच्या कितीतरी पट यायला हवा होता. आकाशगंगेच्या ओढीने तिचं कृष्णद्रव्य ओरबाडलं गेलं असेल, हे स्पष्टीकरण नंतर आलं. ते चूक असेलच असं नाही, पण खुंटी आधी कुणी ठोकली होती, हे विसरू नये.

आता दुसरी पायरी. झ्विकीचं १९३३ आठवा. दीर्घिकासमूहांना मॉन्ड लावलं की तूट कमी होते, पण संपत नाही. अजून जवळपास दुपटीची कमतरता उरते. म्हणजे ज्या प्रकारच्या जागी हा प्रश्न पहिल्यांदा दिसला, तिथेच मॉन्डलाही काहीतरी न दिसणारं लागतं. २००६ मधल्या बुलेट समूहाचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. दोन समूह एकमेकांतून आरपार गेले, वायू आदळून मध्ये अडकला, दीर्घिका पुढे निघून गेल्या. तिथल्या साध्या पदार्थाचा बहुतेक भाग हा वायूच, पण गुरुत्वीय भिंगाने, म्हणजे मागून येणारा प्रकाश किती वाकतो त्यावरून, दाखवलेलं वस्तुमान दीर्घिकांच्या बाजूला आहे. मॉन्डवाले म्हणतात, तिथे जड न्यूट्रिनोसारखं काही असेल. ठीक, पण मग "न दिसणारं काही नकोच" हा मूळ बाणा सुटला.

त्याहून मोठी अडचण विश्वाच्या बालपणातली. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश सूक्ष्मलहरींच्या रूपात आजही येतो. त्यातल्या चढउतारांच्या आलेखात शिखरं आहेत. नुसताच साधा पदार्थ असता, तर तिसरं शिखर दुसऱ्यापेक्षा बरंच बुटकं आलं असतं. तसं नाही. प्लांक उपग्रहाच्या मोजणीतून विश्वात साधा पदार्थ ५ टक्के आणि कृष्णद्रव्य २७ टक्क्यांच्या आसपास निघतं, आणि हे आकडे दीर्घिकांच्या फिरण्यावर जराही अवलंबून नाहीत. मॉन्ड हे मुळात दीर्घिकांसाठीचं सूत्र, अख्ख्या विश्वाला लावायचं तर त्याला सापेक्षतेचा सांगाडा लागतो. बेकेनस्टाईन यांनी २००४ मध्ये टेवेस नावाचा एक उभा केला. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेतून गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांचा प्रवास करून दोनेक सेकंदांच्या फरकाने पोचले. दोघांचा वेग एकच ठरला आणि लहरींचा वेग वेगळा सांगणारे त्या प्रकारचे बरेच सिद्धांत एका दिवसात मोडीत निघाले. हिंगोलीला होऊ घातलेल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाचं महत्त्व मुलांना सांगायचं तर हे उदाहरण घ्या. पुढे २०२१ मध्ये स्कोर्डिस आणि झ्लोश्निक यांनी असा सिद्धांत मांडला, जो लहरींच्या परीक्षेतही टिकतो आणि सूक्ष्मलहरींची शिखरंही जुळवतो. मात्र त्यात एक नवं क्षेत्र घालावं लागलं, जे बाल-विश्वात अगदी कृष्णद्रव्यासारखं वागतं. फिरून फिरून भोपळे चौकात.

मोफॅट यांचं सुधारित गुरुत्व, मॅनहाइम यांचं कॉन्फॉर्मल गुरुत्व, फेर्लिंडे यांची २०१६ ची कल्पना, ही बाकीची मंडळीही आहेत. त्यांच्यावर इथे लिहित बसत नाही. दीर्घिकांच्या पातळीवर यांनी मॉन्डपेक्षा जास्त काही आधी सांगून दाखवलंय, असं माझ्या पाहण्यात नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं, ते. व्हिडिओत हे कधी येत नाही, आणि माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलंय. दीर्घिकेचा वेग आपण थेट मोजत नाही. तबकडी आपल्याकडे किती कललेली आहे, त्यानुसार मोजलेला वेग वाढवून घ्यावा लागतो. समजा खरा कल ३० अंशांचा आहे आणि तुम्ही २५ धरलात. वेग १८ टक्क्यांनी जास्त निघेल, आणि मॉन्डच्या चौथ्या घातात गेल्यावर वस्तुमान जवळपास दुप्पट होईल. पाच अंशांची चूक, आणि सिद्धांत मेला किंवा जिंकला. म्हणून "या एका दीर्घिकेने मॉन्ड खोटं ठरवलं" किंवा "कृष्णद्रव्य संपलं" अशी बातमी आली की मी आधी कल बघतो, मग अंतर, मग ताऱ्यांच्या प्रकाशावरून वस्तुमान कसं काढलं ते. २०१८ मध्ये एनजीसी १०५२-डीएफ२ या जवळजवळ कृष्णद्रव्यहीन दीर्घिकेवरून गदारोळ झाला. त्यातलं निम्मं भांडण ती साडेसहा कोटी प्रकाशवर्षांवर आहे की सव्वाचार कोटी, यावर होतं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका लहान दीर्घिकेचा वेग कडेला चक्क उतरताना दिसला. आठवडाभर मी हवेत होतो, घरी फोन करूनही सांगितलं. मग कळलं की तबकडीची कड वाकलेली आहे, उन्हात वाळत घातलेल्या बिबड्याची, म्हणजे ज्वारीच्या पापडाची, कड मुरडते तशी. मी सगळीकडे एकच कल धरला होता. कल अंतरानुसार बदलू दिला आणि वेग सरळ झाला. तेव्हापासून उतरता वक्र दिसला की आधी बिबडं आठवतं.

हाच सावधपणा दूर-दूर फिरणाऱ्या जोडताऱ्यांच्या ताज्या वादातही लागतो. दोन सूर्यांमधलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या काही हजार पट झालं की त्वरण मॉन्डच्या मर्यादेजवळ येतं, आणि तिथे कृष्णद्रव्याचा संबंधच नसतो. परीक्षा एकदम स्वच्छ. पण गाया उपग्रहाच्या त्याच आकड्यांवरून २०२३ मध्ये एका गटाने मॉन्डचा परिणाम दिसतो म्हटलं, तर दुसऱ्याने तो नाहीच असं सांगितलं. फरक कुठे? जोडीत दडलेला, न दिसणारा तिसरा तारा किती ठिकाणी आहे, हे कोणी कसं धरलं, त्यात. मी या निकालाची वाट बघतोय, प्रयोगशाळेत कण सापडण्याच्या बातमीपेक्षाही जास्त.

माझं मत विचाराल, तर न दिसणारं काहीतरी आहे, असं मला वाटतं. ते दीर्घिकांच्या फिरण्यामुळे नाही, समूहांमुळे आणि त्या तिसऱ्या शिखरामुळे. पण दीर्घिकांमधली ती नेटकी रेघ योगायोग आहे, हे मला पटत नाही. कृष्णद्रव्य असेल, तर ते आज पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा जास्त शिस्तीचं असणार. माझ्या ओळखीचे दोन जण या वाक्यावर माझ्याशी भांडतील, एक या बाजूने आणि एक त्या.

मुलांना हे सांगण्यापेक्षा करून बघू द्या. स्पार्क नावाचा १७५ दीर्घिकांचा संच सगळ्यांसाठी खुला आहे, वेगांसह. त्यातली डीडीओ १५४ घ्या. तिच्यात ताऱ्यांपेक्षा वायू कितीतरी जास्त, त्यामुळे प्रकाशावरून वस्तुमान काढण्याची कटकट जवळपास नाही. एक्सेलमध्ये एका रकान्यात न्यूटनचा वेग काढा, दुसऱ्यात मॉन्डचा, शेजारी मोजलेला मांडा. मग एनजीसी ३१९८ घ्या आणि तेच करा. आलेख जुळला की मुलं खूश होतील. तेव्हा त्यांना अंतर दहा टक्क्यांनी वाढवायला सांगा, मग कमी करायला, आणि प्रत्येक वेळी आलेख पुन्हा काढायला लावा. कुठे अडलात, तर आकडे इथेच टाका, मी बघतो.